फुलपाखरांची नावे आणि आपली भाषा

जगात फुलपाखरांच्या सुमारे १८,००० जाती आजवर शास्त्रज्ञांनी नोंदविल्या आहेत. त्यांपैकी १,३०० हून अधिक जाती भारतात आढळतात आणि एकट्या महाराष्ट्रात पावणेतीनशेच्या आसपास जातींची नोंद आहे. एवढ्या विपुल सृष्टीसाठी आपल्या नित्याच्या मराठीत शब्द किती? फुलपाखरू हा एक. काही भागांत पाकोळी हा दुसरा. आणि रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांसाठी पतंग हा तिसरा. येथे आपली यादी बहुधा संपते. ज्या भाषेने भाताच्या एकेका वाणाला आंबेमोहर, जिरेसाळ, कोळंब अशी नावे दिली, बैलाच्या रंगावरून ढवळ्या-पवळ्या असा भेद केला, तिनेच बागेतील आणि रानातील शेकडो रंगीत जीवांना एकाच शब्दात गुंडाळावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते.

परंतु त्यात विचित्र असे काही नाही. ज्याच्याशी पोटाचा संबंध येतो त्याला माणूस आधी नाव देतो. फुलपाखरू खाण्यास उपयोगी नाही, नांगराला जुंपता येत नाही, औषधातही पडत नाही. त्याची अळी पिकावर पडली म्हणजे तिला कीड म्हणावयाचे आणि फुलपाखरू फुलावर बसले म्हणजे त्याला सुंदर म्हणावयाचे, इतकाच आपला व्यवहार. ही दोन्ही एकाच प्राण्याची रूपे आहेत ही गोष्ट शाळेत शिकूनही आपण व्यवहारात विसरतो.

आज परिस्थिती पालटली आहे. फुलपाखरांची संख्या व त्यांच्या जाती यांवरून एखाद्या प्रदेशातील वनस्पतिसृष्टी किती धड आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून जगभर त्यांची मोजदाद होते. आपल्याकडेही हौशी निरीक्षकांची एक पिढी तयार झाली आहे. या पिढीपुढे आणि तिच्यासाठी लिहिणाऱ्या भाषांतरकारापुढे जो प्रश्न रोज उभा राहतो त्याविषयी मला येथे माझे मत मांडावयाचे आहे. तो प्रश्न असा: फुलपाखरांना मराठी नावे हवीत काय, आणि हवी असल्यास ती कशी करावीत?

नावे आली कोठून?

प्रत्येक फुलपाखराला निदान दोन नावे असतात. एक शास्त्रीय, दोन शब्दांचे, लॅटिन वळणाचे. ते साऱ्या जगात एकच. ही पद्धती स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने रूढ केली आणि प्राण्यांच्या नावांची शास्त्रमान्य गणना त्याच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून सुरू होते. लिनियसपुढे ढिगाने फुलपाखरे होती आणि नावे अपुरी होती. त्याने ग्रीक पुराणकथांचा आधार घेतला व मोठ्या, शोभिवंत फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धातील वीरांची नावे वाटून दिली. आपल्याकडे सर्वत्र दिसणाऱ्या, काळ्या पंखांवर किरमिजी ठिपके असणाऱ्या एका जातीचे नाव त्याने हेक्टर ठेवले. दुसऱ्या एकीचे पॉलिटीस, म्हणजे ट्रॉयचा राजा प्रायम याच्या एका पुत्राचे. पुढे १७७५ साली क्रामर याने ज्या मोठ्या निळ्या-काळ्या भारतीय फुलपाखराचे वर्णन केले त्याला पॉलिम्नेस्टर हे नाव मिळाले. हा थ्रेस देशाचा राजा. प्रायमच्या दुसऱ्या एका पुत्राचा घात करणारा. याचा अर्थ असा की सह्याद्रीत बागडणारा जीव आणि ग्रीक शोकांतिका यांची गाठ नावापुरती बांधली गेली. तिचा त्या जीवाच्या स्वभावाशी काही संबंध नाही. शास्त्रीय नावाने तसा संबंध दाखविलाच पाहिजे असेही नाही. त्याचे काम ओळख निश्चित करण्याचे आहे आणि ते काम ते चोख करते.

दुसरे नाव बोलीतले. भारतीय फुलपाखरांची आज रूढ असलेली इंग्रजी नावे बव्हंशी ब्रिटिश अमदानीत येथे नोकरीस असलेल्या साहेबांनी, त्यातही लष्करी अधिकाऱ्यांनी ठेवली. ब्रिगेडियर एव्हान्स यांचा भारतीय फुलपाखरांची ओळख पटविणारा ग्रंथ १९२७ साली निघाला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने विंटर-ब्लाइथ यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध केला. या ग्रंथांनी ती नावे पक्की केली. त्यांवर नजर टाकली तर एखाद्या छावणीची हजेरी वाचल्यासारखे वाटते. कमांडर आहे, सार्जंट आहे, कमोडोर आहे; बॅरन आणि ड्यूक आहेत; आणि साहेबाच्या दरबाराला शोभतील असे नवाब आणि राजाही आहेत. लॅस्कर नावाचा एक गट आहे. हा शब्द फारसी लष्करापासून निघून, जहाजावरील हिंदी खलाशांना लागून, इंग्रजीत गेला आणि फुलपाखराच्या पंखांवर बसून परत आपल्याकडे आला.

या साहेबांनी केलेले काम मोठे होते, हे नि:संकोच मान्य केले पाहिजे. त्यांनी हौसेने अळ्या पाळल्या, नोंदी ठेवल्या, संग्रह उभारले. त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या अनुभवातली नावे ठेवली, यातही गैर काही नाही. प्रश्न आहे तो आपला. ती नावे आपण मराठीत कशी आणावयाची?

शब्दाला शब्द ठेवण्याचा धोका

भाषांतरकाराला पहिला मोह होतो तो शब्दाला प्रतिशब्द ठेवण्याचा. तो किती घातक आहे हे काही उदाहरणांवरून दिसेल. प्लेन टायगर या फुलपाखराला साधा वाघ म्हटले, कॉमन क्रो याला सामान्य कावळा म्हटले, पेन्टेड लेडी हिला रंगविलेली बाई म्हटले, तर वाचक हसेल आणि ते योग्यच होईल. इंग्रजीत कॉमन हा शब्द सर्वत्र आढळणारा एवढ्याच अर्थाने येतो. मराठी सामान्य त्याबरोबर कमी प्रतीचा हा अर्थ घेऊन येतो. लाइम या शब्दाला कोशात चुना हाही अर्थ आहे, पण ज्या फुलपाखराच्या नावात तो आला आहे त्याचा संबंध लिंबाशी आहे, कारण त्याची अळी लिंबाच्या पानांवर वाढते. स्किपर म्हटले की जहाजाचा कप्तान आठवतो. परंतु येथे तो शब्द उड्या मारणारा या अर्थाचा आहे, कारण या कुळातील फुलपाखरे सरळ उडत नाहीत, झटक्याझटक्याने उडतात. सेलर नावाच्या गटाचेही असेच. त्याच्या नावाचा उगम खलाशी हा नसून शिडाच्या होडीसारखे संथ तरंगणे हा आहे. पंख दोन-चार वेळा हलवावयाचे आणि मग ते पसरून हवेवर तरंगत राहावयाचे, अशी त्याची उडण्याची रीत. ज्याने ते फुलपाखरू उडताना पाहिले नाही, तो भाषांतरकार कोशाच्या भरवशावर येथे हमखास फसेल.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मॉर्मन या नावाचे आहे. कढीपत्त्याच्या झाडाभोवती नेहमी दिसणारे, काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असणारे फुलपाखरू इंग्रजीत कॉमन मॉर्मन म्हणून ओळखले जाते. हेच लिनियसचे पॉलिटीस. मॉर्मन हा अमेरिकेतील एक ख्रिस्ती पंथ. त्यात एकेकाळी पुरुषांनी अनेक बायका करण्याची चाल होती. या फुलपाखराचा नर एकाच प्रकारचा, पण मादी मात्र तीन प्रकारची असते. एक नरासारखीच दिसते. दुसरी कॉमन रोझ नावाच्या फुलपाखरासारखी, आणि तिसरी त्या किरमिजी ठिपक्यांच्या हेक्टरसारखी. नराला जणू तीन बायका, म्हणून मॉर्मन. विनोद चांगला आहे, परंतु तो समजण्यास अमेरिकेतील एका पंथाचा इतिहास ठाऊक असावा लागतो. मराठी मुलाला मॉर्मन हा शब्द नुसता सांगितला तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. आज त्या पंथाच्या मुख्य शाखेने ती चाल केव्हाच टाकून दिली आहे, म्हणजे विनोदाचा आधारही उरलेला नाही.

आणि या विनोदामागे जे शास्त्र दडले आहे ते विनोदापेक्षा कितीतरी मनोरंजक आहे. ज्या दोन फुलपाखरांची नक्कल या माद्या करतात, त्यांच्या अळ्या सापसंद व तिच्या जातभाई वेली खातात. त्या वेलींतील विषारी द्रव्ये अळीच्या व पुढे फुलपाखराच्या अंगात साठतात. पक्षी एकदा चव घेऊन पुन्हा त्याच्या वाटेस जात नाहीत. मॉर्मनची मादी स्वत: विषारी नाही, परंतु विषारी शेजाऱ्याचा वेष घेऊन ती पक्ष्यांच्या चोचीतून सुटते. यालाच शास्त्रात अनुकृती म्हणतात. या मादीची भिन्न रूपे एकाच जातीची आहेत हे आल्फ्रेड रसेल वॉलेस याने १८६५ सालच्या आपल्या निबंधात ओळखले. ही रूपे आनुवंशिकतेने कशी चालत येतात याचा उलगडा होण्यास मात्र २०१४ साल उजाडावे लागले. बंगळूर येथील कृष्णमेघ कुंटे व त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी त्या साली दाखवून दिले की एकच जनुक, जे एरवी कीटकांत नर-मादीचा भेद ठरविण्याच्या कामी येते, तेच येथे मादीच्या पंखांवरील संपूर्ण नक्षीची कळ फिरविते. कढीपत्त्याच्या झुडपावर बसलेल्या या जीवात एवढी मोठी कथा सामावली आहे. तिला प्रवेशद्वार म्हणून मॉर्मन हा शब्द कितपत उपयोगी आहे?

नाव पाहून ठेवलेले

म्हणून माझे पहिले म्हणणे असे की, फुलपाखराचे नाव दुसऱ्या भाषेतील नावाचे भाषांतर करून मिळवू नये. त्या जीवाकडे पाहून, त्याची अळी कशावर वाढते, ते कसे उडते, कसे बसते, शत्रूला कसे चकविते, हे ध्यानात घेऊन ते ठेवावे. असे करणे शक्य आहे याचा पुरावा मराठीतच आहे.

वर उल्लेखिलेल्या साध्या वाघाचेच पाहा. पिवळसर-नारिंगी पंख, काळी किनार, तिच्यावर पांढरे ठिपके असे हे फुलपाखरू आफ्रिकेपासून आशियापर्यंत पसरलेले आहे; प्राचीन इजिप्तमधील भित्तिचित्रांतही त्याची आकृती ओळखू येते. मराठीत त्याला बिबळ्या कडवा असे नाव आहे. बिबळ्या हा शब्द त्याचे रूप सांगतो आणि कडवा हा शब्द त्याचे गुपित सांगतो. त्याची अळी रुईची पाने खाते. रुईच्या चिकातील विष अंगात साठविते. पक्ष्याला ते कडू लागते. एका विशेषणात अन्न, संरक्षण आणि रंगाचा हेतू हे तिन्ही आले. इंग्रजी नावात यांपैकी एकही गोष्ट नाही.

दुसरे उदाहरण हळदीकुंकू. पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपक्यांची रांग असणाऱ्या फुलपाखराला हे नाव आहे. इंग्रजांनी त्याला बायबलातील एका नटव्या राणीचे नाव दिले; आपल्या भाषेला तीच रंगसंगती पाहून चैत्रगौरीचे ताट आठवले. दोन संस्कृतींनी एकच पंख कसा पाहिला याचा हा नमुना आहे. एकीला त्यात नटवेपणा दिसला, दुसरीला सौभाग्य. पक्ष्याला मात्र त्यात धोक्याची सूचना दिसते, आणि त्या रंगांचा खरा अर्थ तोच आहे.

इतर राज्यांनीही हाच मार्ग धरला आहे. केरळने २०१८ साली ज्या हिरव्या-निळ्या पट्ट्याच्या फुलपाखराला राज्य-फुलपाखराचा मान दिला त्याला मल्याळममध्ये बुद्धमयूरी म्हणतात. शास्त्रीय नावातील बुद्ध आणि इंग्रजी नावातील मोर हे दोन्ही त्यात आहेत आणि तरीही ते नाव उसने वाटत नाही. तमिळनाडूने २०१९ साली निवडलेल्या फुलपाखराला तमिळ मरवन, म्हणजे तमिळ योद्धा, असे म्हणतात. हिंदीतही अलीकडे अशा नामकरणाचा उद्योग हाती घेतला गेला आहे.

महाराष्ट्राने २०१५ साली, सर्व राज्यांच्या आधी, आपले राज्य-फुलपाखरू जाहीर केले. ते म्हणजे क्रामरचा पॉलिम्नेस्टर, इंग्रजीतील ब्लू मॉर्मन. पंखांचा विस्तार १२ ते १५ सेंटिमीटर. मखमली काळ्या पंखांवर आकाशी निळ्या रंगाचा झोत. द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंका हे त्याचे मुख्य घर. त्या वेळी त्याचे मराठी नाव राणी पाकोळी असे सांगितले गेले. पुढे राज्याच्या जैवविविधता मंडळाने फुलपाखरांच्या मराठी नावांचे काम जाणकारांच्या समितीकडे सोपविले, तेव्हा त्याला नीलवंत हे नाव मिळाले. मला दुसरे नाव अधिक योग्य वाटते. त्याची कारणे साधी आहेत. राणी म्हटले की नराची अडचण होते. शिवाय पाकोळी हा शब्द मराठीत एका पक्ष्याच्या कुळाला आधीच लागलेला आहे. जुन्या इमारतींच्या आसपास थव्याने भिरभिरणारा, विळ्यासारख्या पंखांचा जो पक्षी, त्याला पक्षिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत पाकोळी म्हणतात. एकच शब्द पक्ष्याला आणि कीटकाला लावला तर शास्त्रीय लेखनात घोटाळा माजेल. नीलवंत हा शब्द सुटसुटीत आहे, डोळ्यांना दिसणारे लक्षण सांगतो आणि तोंडात बसतो. याच समितीने उड्या मारणाऱ्या स्किपर कुळाला चपळ असे नाव दिले, कप्तानाच्या वाटेला ती गेली नाही. हे पाहूनच तिच्या कामाविषयी विश्वास वाटतो.

आक्षेप आणि उत्तरे

या मतावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शास्त्रीय नाव साऱ्या जगाला समजते. मग आणखी एका नावाचा भार कशाला? उत्तर असे की, शास्त्रीय नाव शास्त्रज्ञांच्या परस्पर व्यवहारासाठी आहे आणि तेथे ते अटळ आहे. त्याचे भाषांतर करू नये. ते देवनागरीत जसेच्या तसे लिहावे. परंतु आठ वर्षांच्या मुलाला किंवा बांधावरच्या शेतकऱ्याला त्या नावाने हाक मारता येत नाही. इंग्लंडातील मूलही फुलपाखराला लॅटिन नावाने ओळखीत नाही. त्याला त्याच्या भाषेतले नाव मिळालेले असते. आपल्या मुलाला तेवढेच मिळावे, अधिक काही नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, इंग्रजी नावे आता निरीक्षकांत रुळली आहेत. नव्या नावांनी गोंधळच वाढेल. हा आक्षेप अगदीच निराधार नाही. एका जातीला मराठीत तीन-तीन नावे पडली तर गोंधळ वाढेलच. परंतु त्यावरचा उपाय नाव न ठेवणे हा नव्हे; एका जातीला एकच मान्य नाव ठेवणे आणि लेखनात प्रथम येईल तेव्हा शेजारी शास्त्रीय नाव देणे हा आहे. पक्ष्यांच्या बाबतीत मराठीत हेच घडले. आज खंड्या, भारद्वाज, सुभग या नावांनी पक्षी ओळखणाऱ्यास कोणी अडाणी समजत नाही.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो. तो म्हणतो की, नावे ठेवावयाचीच तर ती भरजरी, काव्यमय, संस्कृतप्रचुर असावीत. मी स्वत: मराठी साहित्याचा विद्यार्थी आहे, तथापि या आग्रहाला माझा विरोध आहे. जे नाव उच्चारताना जीभ अडखळते ते नाव कोशात राहते, रानात जात नाही. लोकांच्या तोंडी आधीपासून एखादा शब्द असेल, मग तो कोकणी पिसोळें असो वा वऱ्हाडातील एखादा असो, तर त्याची विचारपूस प्रथम व्हावी. आदिवासी पाड्यांतील व खेड्यांतील जाणत्या माणसांकडे असे शब्द असण्याचा संभव आहे. ते गोळा केल्यावाचून नवे शब्द पाडण्याची घाई करणे म्हणजे घरात धान्य असता उसनवारीस निघणे होय.

अळीलाही नाव हवे

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नावाचा हा सारा खटाटोप शब्दांच्या हौसेसाठी असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. पण ज्याला नाव नाही ते नाहीसे झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही, असा अनुभव आहे. आणि फुलपाखरू नाहीसे होते ते बहुधा पंखांच्या अवस्थेत नव्हे, तर अळीच्या अवस्थेत.

इंग्लंडातील लार्ज ब्लू या फुलपाखराची हकिगत या दृष्टीने मनन करण्यासारखी आहे. ते दुर्मीळ होत चालले तेव्हा संग्राहकांपासून त्याचे रक्षण करावे म्हणून काही कुरणांना कुंपणे घातली गेली. कुंपणामुळे गुरांचे चरणे बंद झाले, गवत वाढले, जमिनीवरची ऊब कमी झाली. या फुलपाखराची अळी काही काळ रानओव्याच्या जातीच्या झुडपावर वाढते आणि मग तांबड्या मुंग्यांच्या एका विशिष्ट जातीच्या वारुळात शिरून त्यांचीच पिले खाऊन मोठी होते. जमीन थंड झाली तशा त्या मुंग्या गेल्या. मुंग्यांमागोमाग १९७९ साली फुलपाखरूही ब्रिटनमधून नष्ट झाले. जेरेमी थॉमस यांनी हे कोडे उलगडले तोवर फार उशीर झाला होता. पुढे स्वीडनमधून त्या जातीच्या अळ्या आणून, कुरणे पुन्हा चरती ठेवून, १९८० नंतरच्या दशकात तिचे पुनर्वसन करण्यात आले व ते यशस्वी झाले. तात्पर्य असे की, पंखांवर प्रेम करणे पुरेसे नाही. अळी, तिचे अन्न, तिचे सोबती आणि तिची जमीन हे सारे मिळून एक फुलपाखरू होते.

मी राहतो ते खरड हे गाव चंडीगढच्या वेशीवर आहे. चंडीगढ शहर ज्या गावांच्या जमिनीवर उभारले गेले ती गावे एकेकाळी याच खरड तहसिलीत मोडत. आज शहराची वाढ उलट खरडकडे येत आहे. बांधकामासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागांवर येथे आक माजतो. आक म्हणजे आपली रुई. कुंपणांशी बोरी असतात, घरोघरी कढीपत्ता असतो, शेतांत किन्नूची झाडे असतात. बिबळ्या कडवा, मॉर्मन आणि लिंबावरचे फुलपाखरू ही तिन्ही येथेही आहेत आणि महाराष्ट्रातही आहेत. भाषा बदलली तरी अळीचे पान बदलत नाही. परंतु जागा साफ करावयाची म्हटली की पहिला घाव आकावर पडतो, कारण लोकांच्या लेखी ते तण आहे. त्याच तणावर एक संपूर्ण जात पोसली जाते हे सांगण्यास भाषा हवी, आणि कडवा यासारख्या एका शब्दाने ते काम अर्धे होते.

महाराष्ट्रात याहून ठळक उदाहरणे आहेत. कोकणात माशाच्या आमटीत जे तिरफळ घालतात त्याच्या झाडाच्या पानांवर बुद्धमयूरीची अळी वाढते. हळदीकुंकवाची अळी आंब्यावर किंवा इतर झाडांवर पडणाऱ्या बांडगुळाची पाने खाते. आपण तर बांडगूळ हा शब्द शिवीसारखा वापरतो. बॅरन नावाच्या फुलपाखराची अळी आंब्याच्या पानावर मधल्या शिरेला अशी समांतर चिकटते की अनुभवी माळ्यालाही ती दिसत नाही. कण्हेरीच्या पानाखाली चांदीसारखा चकाकणारा जो कोश लोंबतो, तो कॉमन क्रोचा. ही झाडे आपल्या भाषेत, आपल्या स्वयंपाकघरात, आपल्या म्हणींत केव्हाचीच आहेत. फुलपाखरू तेवढे त्यांपासून तुटलेले राहिले, कारण त्याचे नाव दुसऱ्या मुलखाचे होते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्व अळ्या निरुपद्रवी नाहीत. लिंबावरील फुलपाखराची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि रोपवाटिकेतील कोवळी रोपे पाहता पाहता बोडकी करते. हेच फुलपाखरू २००४ साली अटलांटिकपलीकडे डोमिनिकन प्रजासत्ताकात आढळले आणि तेथील लिंबूवर्गीय बागांना त्याची धास्ती पडली. तेव्हा किडीला कीड म्हणण्याचा शेतकऱ्याचा हक्क मी नाकारीत नाही. परंतु कोणती अळी कीड आणि कोणती निरुपद्रवी, हे ठरविण्यास प्रथम त्यांतील भेद ओळखावा लागतो. साऱ्यांना नुसते अळी म्हणणारा मनुष्य साऱ्यांवर सारखेच औषध फवारील.

काय करावे?

माझ्या सूचना थोड्या आहेत. मराठी नावांच्या ज्या याद्या तयार झाल्या आहेत त्या शाळांच्या पाठ्यपुस्तकांत आणि वृत्तपत्रांत प्रत्यक्ष वापरल्या जाव्यात. कपाटातील नाव मेल्यात जमा असते. भाषांतरकारांनी तीच नावे वापरावीत, स्वत:च्या हौशीसाठी नवी पाडू नयेत. एखादे नाव पटले नाही तर कारणे देऊन तसे लिहावे. प्रत्येक नावाबरोबर अळीच्या खाद्यवनस्पतीचे मराठी नाव नेहमी द्यावे. आणि शाळेच्या आवारात फुलझाडांच्या ताटव्याबरोबर रुई, कढीपत्ता, लिंबू, पानफुटी यांना चार हात जागा ठेवावी. मधासाठी फुलपाखरू कोठेही जाईल. अंडी घालावयास मात्र ते ठरावीक झाडाकडेच येईल.

पापुआ न्यू गिनीच्या अरण्यात जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू राहते. त्याच्या मादीच्या पंखांचा विस्तार २५ सेंटिमीटरहून अधिक असतो. १९०६ साली पाश्चात्त्य संग्राहकाच्या हाती ते प्रथम लागले तेव्हा बंदुकीच्या छऱ्यांनी पाडावे लागले होते, आणि पुढच्याच वर्षी त्याला इंग्लंडच्या राणीचे नाव मिळाले. उत्तर अमेरिकेतील मोनार्क हजारो किलोमीटरांचा प्रवास करून मेक्सिकोच्या डोंगरांत हिवाळा काढतो. त्याचे तेथील ठिकाण शास्त्रज्ञांना १९७५ साली सापडले, परंतु त्या डोंगरांतील गावकरी पिढ्यान् पिढ्या त्याला पाहत आले होते. जगाची ही आश्चर्ये मराठी वाचकापर्यंत अवश्य पोहोचावीत, त्यासाठीच भाषांतरे असतात. मात्र ती वाचून पुस्तक मिटल्यावर त्याने अंगणातील कढीपत्त्याकडे पाहावे, पानावरची अळी झटकण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि ती कोणाची आहे हे आपल्या भाषेत सांगता यावे, एवढी सोय करून ठेवणे हे आपले कर्तव्य आहे. ते काम परभाषेतून कोणी आपल्यासाठी करून देणार नाही.